फोल्डरचा पासवर्ड पुन्हा पुन्हा अडतो? पासवर्ड बदलण्याआधी हे बघा

‘पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी फोल्डर उघडत नाही.’ गृहनिर्माण सोसायटी, पतसंस्था, वाचनालय, माजी विद्यार्थ्यांचं मंडळ, कुणाचीही वेबसाइट सांभाळत असाल तर हा निरोप अधूनमधून येतोच. लेखापरीक्षण अहवाल, सभेची इतिवृत्तं, सभासदांची यादी एका फोल्डरमध्ये ठेवलेली असते. होस्टिंगच्या सीपॅनलमधून (साइट सांभाळायच्या नियंत्रण-पानावरून) त्याला कुलूप, म्हणजे नाव-पासवर्ड, लावलेलं असतं. बरेच महिने सुरळीत चालतं आणि एके दिवशी अडतं. मग सचिव पासवर्ड बदलायला सांगतात, नवा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जातो, आणि तोही चालत नाही. चालणार कसा? बहुतेक वेळा पासवर्डाचा यात काही दोषच नसतो.

खालचं सगळं सीपॅनल आणि अपाचे सर्व्हर धरून लिहिलंय. लाइटस्पीड असेल तरी बहुतांशी हेच लागू पडतं.

कुलूप म्हणजे दोन फाइली

पहिली फाइल त्या फोल्डरातच असते, डॉट-एचटीअ‍ॅक्सेस. तिच्यात चार ओळी असतात. ऑथटाइप बेसिक ही एक. ऑथनेम, म्हणजे कुलपाला दिलेलं नाव. ऑथयूजरफाइल, म्हणजे नावं-पासवर्डांची यादी कुठे ठेवली आहे त्याचा पूर्ण पत्ता. आणि रिक्वायर व्हॅलिड-यूजर. (फाइलमध्ये हे सगळं अर्थातच रोमन लिपीत लिहायचं.) दुसरी फाइल म्हणजे ती यादी. सीपॅनल ती पब्लिक-एचटीएमएलच्या (साइटच्या फाइली असतात त्या फोल्डरच्या) बाहेर, खात्याच्या होम डिरेक्टरीत एका डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि ते योग्यच आहे.

तुम्ही फोल्डर उघडायला गेलात की सर्व्हर ४०१, म्हणजे ‘आधी ओळख पटवा’, हा कोड पाठवतो. तो पाहून ब्राउझर नाव-पासवर्डाची चौकट दाखवतो. एकदा ते दिलं की पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तेच गुपचूप पाठवत राहतो. यात सेशन नाही, कुकी नाही, त्यामुळे ‘लॉगआउट’ही नाही, ब्राउझर पूर्ण बंद करणं हाच उपाय. पाठवताना नाव-पासवर्ड बेस-६४ मध्ये असतात. ती काही गुप्त लिपी नव्हे, कुणीही उलटी करून वाचू शकतो. साइटवर एचटीटीपीएस नसेल तर हे कुलूप लावूच नका.

आता मुद्दा असा की या दोन फाइलींना जोडणारा धागा एकच, ऑथयूजरफाइलमधला पत्ता. तो पत्ता चुकला, फाइल हलली, किंवा पहिल्या फाइलीत कुणी दुसऱ्यानेच हात घातला की पासवर्ड कितीही बरोबर असो, घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून तपास सुरू करायचा तो स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय यावरून. आधी ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, नाहीतर ब्राउझरने लक्षात ठेवलेला जुना पासवर्ड तुम्हाला चकवेल.

५०० येतोय: चौकटीआधी की नंतर?

५००, म्हणजे इंटर्नल सर्व्हर एरर, दिसली की लोक थेट होस्टिंगवाल्याला फोन लावतात. थांबा. चौकट आली होती का, एवढं आधी विचारा.

चौकट न येताच ५०० आला, तर डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमधलीच एखादी ओळ सर्व्हरला कळलेली नाही. इथे नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गोल अवतरणचिन्हं. कुणीतरी त्या चार ओळी वर्डमध्ये लिहून पाठवतं. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप गोल करतो. ऑथनेमपुढे दोन शब्दांचं नाव असेल तर ते सरळ अवतरणात असावं लागतं, म्हणजे सर्व्हर त्याला एक मानतो. गोल चिन्हं त्याला अवतरणचिन्हं म्हणून कळतच नाहीत. तो दोन शब्द वेगळे मोजतो, ‘ऑथनेमला एकच मूल्य लागतं’ म्हणून कुरकुरतो आणि ५०० देतो. गंमत म्हणजे तेच नाव एका शब्दाचं असेल तर ही ओळ बिनबोभाट पार पडते. मग ऑथयूजरफाइलच्या ओळीतलं गोल चिन्ह पत्त्याचाच भाग बनतं, आणि ५०० येतो तो पासवर्ड टाकल्यानंतर. चूक एकच, लक्षणं दोन.

दुसरा गुन्हेगार जुनं विंडोज नोटपॅड. त्यात यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाइलीच्या सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट चिकटतात. सर्व्हर पहिला शब्द वाचतो आणि म्हणतो, अशी कमांडच नाही. फाइल डोळ्यांनी कितीही तपासा, चूक दिसणार नाही. सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमध्ये नवी कोरी फाइल करून ओळी हाताने टाइप करा, हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग.

चौकट आली, नाव-पासवर्ड टाकला, आणि मग ५०० आला, तर सर्व्हरला यादीची फाइल सापडत किंवा उघडता येत नाहीये. सीपॅनलमधल्या मेट्रिक्स विभागात एरर्स उघडा. अलीकडच्या नोंदी तिथे दिसतात. एएच०१६२० हा क्रमांक आणि ‘पासवर्ड फाइल उघडता आली नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली की निदान झालं. त्या ओळीत सर्व्हर कुठला पत्ता शोधत होता तेही लिहिलेलं असतं.

हे बहुधा साइट हलवल्यावर होतं. जुन्या होस्टिंगवर खातं ‘होम’खाली होतं, नव्यावर ते ‘होम२’खाली आलं किंवा खात्याचं नावच बदललं. डॉट-एचटीअ‍ॅक्सेस मात्र जुनाच पत्ता सांगत बसते. त्यातही एक खुबी आहे: साइट हलवणारा माणूस एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइली नेण्या-आणण्याच्या सोयीने) फक्त पब्लिक-एचटीएमएल उतरवून घेतो. पासवर्डांची यादी त्याच्या बाहेर असल्यामुळे ती जुन्या सर्व्हरवरच राहते. बॅकअपमधून फक्त पब्लिक-एचटीएमएल परत घेतलं तरी यादी येत नाही.

हाताने पत्ता लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एफटीपीत दिसणारा पत्ता खरा नसतो. तिथे तुमचं खातंच मुळापासून सुरू होतं असं दाखवलं जातं. खरा पत्ता सीपॅनलच्या पहिल्या पानावर उजवीकडे होम डिरेक्टरीसमोर असतो. आणि पत्ता न देता नुसतं फाइलीचं नाव लिहिलं, तर सर्व्हर ती तुमच्या फोल्डरात न शोधता स्वतःच्या मूळ फोल्डरात शोधतो. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या तरी चालणार नाही ते यामुळेच.

दुरुस्ती अशी: फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइली दाखवा अशी खूण करा. फोल्डरातल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेसची प्रत काढून ठेवा आणि कुलपाच्या जुन्या चार ओळी पुसा. मग सीपॅनलच्या डिरेक्टरी प्रायव्हसी या पानावर जाऊन त्या फोल्डरला नव्याने कुलूप लावा. सीपॅनल स्वतः बरोबर पत्ता लिहितं. शेवटी यूजरची यादी रिकामी नाही ना, ते बघा.

चौकट पुन्हा पुन्हा येते, आत सोडत नाही

इथे सर्व्हर यादी वाचतोय, पण नाव-पासवर्ड जुळत नाहीये. लॉगमध्ये, म्हणजे त्याच एरर्सच्या पानावर, एएच०१६१८ असेल तर त्या नावाचा यूजरच यादीत नाही. एएच०१६१७ असेल तर नाव आहे, पासवर्ड चुकतोय. या दोन क्रमांकांनी निम्मी कटकट मिटते.

यूजर नाही, हे फार वेळा घडतं. डिरेक्टरी प्रायव्हसीच्या पानावर दोन वेगळे भाग आहेत. वर फोल्डरला कुलूप लावायची खूण आणि त्याचं सेव्ह. खाली यूजर तयार करायची जागा आणि तिचं वेगळं सेव्ह. लोक वरचं करतात आणि काम झालं समजतात. मग चौकटीत सीपॅनलचा, ईमेलचा नाहीतर वर्डप्रेसचा पासवर्ड टाकून बघतात. यातला कुठलाच चालत नाही. ही यादी स्वतंत्र आहे, तिला बाकी कुणाशी देणंघेणं नाही.

यादीची फाइल हाताने लिहिली असेल तर आणखी एक शक्यता: नाव, कोलन आणि पुढे साधा पासवर्ड असं लिहिलेलं. लिनक्सवर हे चालत नाही. पासवर्डाचा हॅश (उलटं करून वाचता न येणारं रूप) लागतो. हॅश करताना बीक्रिप्ट निवडा. जुन्या क्रिप्ट पद्धतीत पासवर्डाची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, पुढचं सगळं शोभेचं.

मोबाइलवरून येणाऱ्या तक्रारी वेगळ्याच. कीबोर्ड यूजरच्या नावाचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला की मागे एक स्पेस सोडतो. नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे आजोबा शपथेवर सांगतात की बरोबर टाकलंय, आणि ते खोटं बोलत नसतात. काही अ‍ॅप दुवा स्वतःच्याच आतल्या खिडकीत उघडतात, आणि तिथे चौकट न दाखवता थेट नकाराचं पान येऊ शकतं. दुवा क्रोममध्ये उघडायला सांगा. पासवर्ड देवनागरीत ठेवायचा उत्साह टाळा. कुठला ब्राउझर ती अक्षरं कशी पाठवेल याचा भरवसा नाही. रोमन अक्षरं आणि आकडे, बस.

आता जरा किचकट प्रकार: चौकट दोनदा येते आणि मग उघडतं. माणूस एचटीटीपीवर येतो, तिथे चौकट, पासवर्ड देतो, मग एचटीटीपीएसवर ढकलला जातो, तिथे पुन्हा चौकट. ब्राउझरच्या हिशेबी या दोन वेगळ्या साइट आहेत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय यांचंही तेच. नुसता त्रास असता तर चाललं असतं, पण पहिल्या वेळी पासवर्ड उघड्यावरून गेला.

यावर जो तो एकच सल्ला देतो: एचटीटीपीएसकडे वळवणाऱ्या ओळी डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये कुलपाच्या ओळींच्या वर टाका. त्याने काही होत नाही. अपाचे ही फाइल वरून खाली हुकूम पाळल्यासारखी चालवत नाही. पासवर्डाची तपासणी ठरलेल्या टप्प्यावर होते, आणि या फाइलीतले रीराइट (पत्ता वळवणारे) नियम त्यानंतरच्या टप्प्यावर. ओळी कितीही वर नेल्या तरी चौकट आधीच येणार. वळवणं फाइलीच्या बाहेर, सर्व्हरच्या मूळ मांडणीत व्हायला हवं. सीपॅनलच्या डोमेन्स पानावर फोर्स एचटीटीपीएस रीडायरेक्ट नावाचं बटण आहे, ते चालू करा. आणि सभासदांना दुवा पाठवताना तो एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहूनच पाठवा.

पासवर्ड विचारतच नाही

हे जास्त धोक्याचं, कारण यावर तक्रार कुणी करत नाही.

आधी बघा, ज्याला कुलूप लावलं ते खरंच फोल्डर आहे का. वर्डप्रेसमध्ये ‘सभासद’ नावाचं पान असलं की पत्त्याच्या शेवटी ‘सभासद’ दिसतं, पण सर्व्हरवर तसं फोल्डर नसतं. कुणी हुशारीने त्याच नावाचं फोल्डर तयार करून त्याला कुलूप लावलं, तर वर्डप्रेसचं पानच गायब होतं आणि त्या जागी रिकामं फोल्डर येतं. वर्डप्रेसच्या पानाला त्याचा स्वतःचा पासवर्ड देता येतो, पण त्या पानावर जोडलेल्या पीडीएफ वेगळ्याच, अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असतात, आणि थेट दुवा असणाऱ्याला त्या बिनपासवर्ड उघडतात. कागदपत्रं झाकायची असतील तर ती खरोखरच्या फोल्डरात ठेवून त्यालाच कुलूप लावायला हवं.

दुसरं कारण, कुलूप होतं पण उडालं. मुख्य डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये ‘बिगिन वर्डप्रेस’ आणि ‘एंड वर्डप्रेस’ अशा दोन खुणा असतात. त्यांच्या मधला भाग वर्डप्रेसच्या मालकीचा. तिथे कुलपाच्या ओळी चिकटवल्या असतील तर पर्मालिंक (पानांच्या पत्त्यांची मांडणी) पुढच्या वेळी सेव्ह होताच त्या साफ होतात. ‘पुन्हा पुन्हा लावतो आणि पुन्हा पुन्हा जातं’ ही तक्रार असेल तर पहिल्यांदा इथेच बघा. ओळी त्या खुणांच्या बाहेर, वर ठेवा.

होस्टिंग बदलल्यावर कुलूप निघालं असेल तर नवा सर्व्हर कुठला आहे ते विचारा. नुसता एनजिनएक्स (हाही एक वेब सर्व्हरच) असेल तर तो डॉट-एचटीअ‍ॅक्सेस वाचतच नाही. ओपनलाइटस्पीड ही फाइल वाचतो, पण त्यातले फक्त रीराइट नियम घेतो. कुलपाच्या ओळी वाया. दोन्ही ठिकाणी कुलूप सर्व्हरच्या मांडणीतच लावावं लागतं.

पीएचपीचं पान पासवर्ड विचारतंय आणि त्याच फोल्डरातली पीडीएफ मात्र सरळ उघडतेय, असं असेल तर अपाचेच्या पुढे एनजिनएक्स बसवलेला आहे आणि चित्रं, पीडीएफ वगैरे तो अपाचेला न विचारता परस्पर देतोय. हे होस्टिंगवाल्यालाच बदलावं लागेल. क्लाउडफ्लेअर (साइटच्या फाइलींच्या प्रती कॅशमध्ये ठेवून परस्पर देणारी सेवा) वापरत असाल तर कुलूप लावण्याआधी कॅशमध्ये गेलेली पीडीएफ तिथूनच मिळत राहू शकते. कॅश पर्ज, म्हणजे रिकामी, करा आणि त्या फोल्डरसाठी कॅश बंद ठेवण्याचा नियम घाला.

याच्या उलटही घडतं: मुखपृष्ठ उघडताच पासवर्डाची चौकट. कुणीतरी मुखपृष्ठावर लावलेलं चित्र कुलूपबंद फोल्डरातून आणलंय. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कची पट्टी बघा. ४०१ कुठल्या फाइलीसमोर आहे ते लगेच कळतं.

वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनला कुलूप

डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनवर हे कुलूप लावण्याच्या फंदात पडू नये, असं माझं मत आहे. दोन टप्प्यांचं लॉगिन बसवा, ते बरं. तरी लावलंच असेल तर नेहमीचं लक्षण म्हणजे चौकट न येता ४०४. सर्व्हर ४०१ देताना सोबत ४०१.एसएचटीएमएल हे पान शोधतो. ते नसतं, मग वर्डप्रेसचे रीराइट नियम ती मागणी पकडतात आणि ‘पान सापडलं नाही’ म्हणतात. मुख्य डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये, वर्डप्रेसच्या खुणांच्या वर, ‘एररडॉक्युमेंट ४०१ डिफॉल्ट’ ही एक ओळ टाकली की चौकट दिसू लागते.

पुढचं लक्षण: साइटवरच्या साध्या वाचकालाही पासवर्ड विचारला जातो. अनेक प्लगिन वाचकाच्या ब्राउझरमधून अ‍ॅडमिन-एजॅक्स नावाची फाइल मागवतात आणि ती याच फोल्डरात असते. डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनच्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये त्या एका फाइलीसाठी फाइल्सचा कप्पा करून आत ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहा. ऑर्डर, अलाउ, सॅटिस्फाय असे शब्द असलेले जुने नुस्खे अपाचे २.४ च्या आधीचे आहेत. नव्या ओळींमध्ये मिसळू नका. सगळ्या साइटलाच कुलूप असेल तर वर्डप्रेसच्या साइट हेल्थमध्ये लूपबॅक (साइटने स्वतःलाच पाठवलेली मागणी) अडल्याची तक्रार येते आणि अ‍ॅप्लिकेशन पासवर्डही अडतात, कारण नाव-पासवर्ड पाठवायला तेही मागणीतला हाच हेडर वापरतात.

९० दिवसांनी उगवणारा त्रास

नवी साइट तयार होईपर्यंत कुणी बघू नये म्हणून अख्ख्या पब्लिक-एचटीएमएलला कुलूप लावलं जातं. काही आठवड्यांनी ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून बोंब मारतो. लेट्स एनक्रिप्ट या सेवेची एचटीटीपीएससाठीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. नूतनीकरणाच्या वेळी बाहेरून डॉट-वेलनोन फोल्डरातली एक फाइल वाचली जाते, आणि तिथे ४०१ मिळाला की नूतनीकरण नाकारलं जातं. डॉट-वेलनोनमध्ये वेगळी डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ठेवून तिच्यात ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ ही एकच ओळ लिहा. पडताळणी डीएनएसमार्गे होत असेल तर हा प्रश्न येत नाही.

साइटच उघडत नाही, फक्त ऑफिसातून

चुकीचे पासवर्ड लागोपाठ पडले की काही होस्टिंगचं फायरवॉल तो आयपी पत्ताच अडवतं. सोसायटीच्या ऑफिसातल्या सगळ्यांचं वायफाय एक, पत्ता एक. एकाने दहा वेळा चुकवलं की सगळ्यांची साइट बंद. मोबाइल डेटावर उघडते आणि वायफायवर नाही, ही याची खूण. कधी माणूस नव्हे, संगणकच जुना पासवर्ड पाठवत असतो: कुणी तो फोल्डर एखाद्या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडून ठेवलेला असतो आणि पासवर्ड बदलल्यापासून तो सर्व्हरच्या दारावर डोकं आपटत असतो. तो आधी शोधून बंद करा, नाहीतर आयपी मोकळा केला तरी लगेच पुन्हा अडेल.

होस्टिंगवाल्याला तिकीट टाकताना ‘पासवर्ड चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर ‘पासवर्ड रीसेट करा’ असंच येणार. फोल्डरचा पूर्ण दुवा, घटनेची वेळ, तुमचा आयपी पत्ता, चौकट आली की नाही, शेवटी ४०१, ४०४ की ५०० दिसला, आणि एरर्समधली ती एएचने सुरू होणारी ओळ जशीच्या तशी, एवढं द्या. पासवर्ड मात्र तिकिटात लिहू नका. त्यांनी मागितला तरी चाचणीपुरता वेगळा यूजर करून द्या आणि काम झालं की काढून टाका.